खाई त्याला खवखवे: ही खवखव नेमकी कसली?

टिपकागद

'खाई त्याला खवखवे' ही म्हण हल्ली पश्चात्तापाच्या अर्थाने वापरलेली वरचेवर दिसते. 'अखेर त्याला आपली चूक उमगली, खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही', अशा थाटाची वाक्यं. मला हे खटकतं. म्हणीतल्या माणसाला चूक उमगायची बाकी नसते, ती त्याला पहिल्या घासापासून ठाऊक असते. ठाऊक नसतं ते एवढंच, की बाकीच्यांना किती कळलंय. म्हणून तो कानोसा घेतो, विषय निघाला की बदलतो, किंवा कुणी विचारलेलं नसताना 'मी तर तेव्हा तिथे नव्हतोच' असं सांगून मोकळा होतो.

पश्चात्ताप झालेल्याला बोलून टाकावंसं वाटतं. खवखवणाऱ्याला विषयच निघू नये असं वाटतं. तो पकडला गेला की खवखव संपलीच. पुढे तो ओशाळेल, वरमेल, खजील होईल, नाहीतर कोडगा असेल तर 'बरं मग?' म्हणेल.

तर विचारायचं आहे ते असं. घशाला होणारी खवखव मनाच्या या अवस्थेला कशी चिकटली? आणि अपराधी अस्वस्थतेचे मराठीत जे पाचपन्नास शब्द आहेत (टोचणी, सल, रुखरुख, चुटपुट, कानकोंडं होणं वगैरे) त्यांत हिची जागा कुठे? 'गिल्टी वाटतंय' एवढ्यावरच सगळं भागवलं जातं आजकाल, म्हणून मुद्दाम धागा काढला.

वेलदोडा

चिकटली कशी म्हणजे? म्हणीतच सांगितलंय की. खाल्ल्याने! अळू किंवा सुरण कच्चट राहिलं तर काय होतं ते ज्याने भोगलंय त्याला व्युत्पत्तिकोश लागत नाही.

या वनस्पतींच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक जुडग्याजुडग्याने भरलेले असतात. त्यांना रॅफाइड म्हणतात. आपण चावलं की पेशी फुटतात, सुया सुटतात आणि जीभ, टाळू, घसा यांच्या नाजूक अस्तरात रुततात. अळवात या सुयांच्या जोडीला प्रथिनं तोडणारी विकरंही असतात, म्हणजे आधी टोचायचं आणि मग टोचलेल्या जागी झोंबायचं. भाजीत चिंच नाहीतर आमसूल घालायची रीत याच धास्तीपोटी.

हा तपशील अशासाठी दिला, की या खाजेचे दोन गुण म्हणीला नेमके लागू पडतात. ती चांगली जाणवू लागते तेव्हा घास गिळून झालेला असतो, परत फिरायची सोय नसते. आणि ती लपत नाही. दुसऱ्याच्या परसातला सुरण गुपचूप उकरून खाल्लेला इसम चारचौघांत खाकरत बसणारच. त्याला शोधत फिरायला नको.

पाणवठा

मी या म्हणीचा अर्थ वेगळाच धरत आलोय. खवखव म्हणजे खाण्याची हावसुद्धा. 'याची जीभ सारखी खवखवत असते' असं आमच्याकडे म्हणतात. मग अर्थ असा होतो, की ज्याने एकदा चाखलं त्यालाच पुन्हा खायची खाज सुटते. वरकमाईची चटक लागलेल्यांना हा अर्थ जास्त फिट्ट बसतो असं नाही वाटत?

टिपकागद

पाणवठा, अर्थ झकास आहे, पण म्हण तशी वापरली जाताना ऐकली नाही कधी. ती कुणाच्या तोंडी कुठल्या क्षणी येते ते बघा. 'मी कुणाचं नाव घेतलं नाही, नुसतं म्हटलं की डब्यातले पैसे कमी झालेत, तर हाच ताडकन उठला. खाई त्याला खवखवे!' खवखव इथे ओळख पटवण्याची खूण म्हणून येते. हावेसाठी 'चटावणं' आहेच, आणि तिथे 'त्याला'वर एवढा जोर द्यायची गरजही पडली नसती. या म्हणीचं सगळं वजन 'त्याला'वर आहे: बाकीच्यांना नाही, त्यालाच.

वेलदोडा, सुरण पटला. परत न फिरण्याचा मुद्दा तर फारच.

कौलारू

खोबरं खवणं आणि घसा खवखवणं यांचा काही संबंध? घसा आतून खवणीने खरवडल्यासारखा वाटतो, म्हणून खवखव, असं मनात आलं.

तळटीप

कौलारू, ऐकायला जुळतं, पण मला ते पटत नाही. खवणं सकर्मक आहे, कुणीतरी काहीतरी खवतं. खवखवण्याला कर्म नाही. शिवाय ते ज्या भावकीत बसतं ती बघा: चुरचुरणं, हुळहुळणं, ठणठणणं, झिणझिणणं, चरचरणं. शरीरातली एखादी बारीक संवेदना पुन्हा पुन्हा, थांबून थांबून येत असेल तर मराठी ते अक्षर दोनदा म्हणते. त्यांतल्या सुट्या अर्ध्याला बऱ्याचदा स्वतःचा अर्थच नसतो. 'चुर' किंवा 'झिण' वेगळं काढून काय करणार? खवखव त्यांच्यातलीच. आणि मनाच्या बाबतीतही दुप्पट शब्दच आलेत हे लक्षात घ्या: रुखरुख, चुटपुट, हुरहुर. जे एकदाच बसतं आणि तसंच राहतं त्याला मात्र एकेरी शब्द: सल, बोच, डाग. सल म्हणजे संस्कृत 'शल्य', प्राकृतात 'सल्ल', बाणाचं आत मोडून राहिलेलं टोक. ते राहून राहून येत नाही, ते असतंच.

टिपकागदांनी 'त्याला'वर बोट ठेवलं त्याला व्याकरणाचा आधार देतो. 'खाई' आणि 'खवखवे' ही दोन्ही रूपं जुन्या वर्तमानकाळाची. आज 'तो पहाटे उठे' वाचलं की आपण भूतकाळातली रीत समजतो, पण म्हणींनी त्या रूपांचा मूळ अर्थ जपून ठेवला. सकर्मक धातूला ई, अकर्मकाला ए. 'दाम करी काम', 'बळी तो कान पिळी' इथे ई. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' इथे ए. आपल्या चारच अक्षरी शब्दांच्या म्हणीत दोन्ही आलेत, आणि सुरुवातीचा 'जो' गाळलाय: (जो) खाई, त्याला खवखवे. पहिल्या अर्ध्यात माणूस कर्ता आहे. दुसऱ्या अर्ध्यात त्याचं कर्तेपण जातं आणि तो चतुर्थीत जाऊन बसतो. खाल्लं त्याने, खवखवलं मात्र त्याला.

मराठीत या भावनांची क्रियापदं अशीच दोन बाजूंना पडतात. तो ओशाळला, तो वरमला, तो पस्तावला: इथे माणूस स्वतः काहीतरी होतो. त्याला टोचलं, त्याला लागलं, त्याला खवखवलं: इथे तो फक्त जागा आहे, घडणारं त्याच्यावर घडतं. पश्चात्ताप आणि खवखव यांतला जो फरक तुम्ही मांडलात तो विभक्तीतच उतरला आहे.

शुद्धलेखन_शिपाई

'चारच अक्षरी शब्दांच्या म्हणीत' नव्हे. शब्द तीन: खाई, त्याला, खवखवे. अक्षरं आठ. बाकी चालू द्या.

रानवारा

तळटीप, तुमच्या दोन बाजूंना एक गंमत जोडते. 'ती लाजली' आणि 'तिला लाज वाटली'. पहिल्यात अपराधाचा लवलेश नाही, कुणीतरी कौतुक केलं असेल. दुसऱ्यात काहीतरी बिनसलंय. शब्द तोच, माणूस कर्ता असला की गोड आणि चतुर्थीत गेला की कडू. मराठी बोलणारं लहान मूलसुद्धा यात गोंधळत नाही.

आणि कानकोंड्याबद्दल कुणीतरी बोला ना. माझा आवडता शब्द आहे. ओशाळलेला माणूस निदान समोर उभा असतो. कानकोंडा झालेला चारचौघांत असून नसल्यासारखा होतो, भिंतीला लागतो, कुणी हाक मारली तरी दचकतो. मला तर त्यात कान आणि कोंडणं असंच ऐकू येतं, सगळे आपल्याबद्दलच बोलताहेत ते ऐकू नये म्हणून कान कोंडून घेतलेला.

शेवटचाबाक

इथे सगळे असं बोलताय जणू खवखव फक्त खाणाऱ्यालाच होते. माझं काय? वर्गात कुणाची पेन्सिल हरवली आणि मास्तरांनी 'कुणी घेतली?' विचारलं की माझेच कान लाल. घेतलेली नसायची हो! दुकानातून काही न घेता बाहेर पडताना मी हात जरा मोकळे ठेवून चालतो, दिसावेत म्हणून. पोलीस दिसला की मी सभ्य चालू लागतो. आता सांगा, न खाताच मला काय खवखवतंय?

वेलदोडा

+१. मी पण याच पंथाची. विमानतळावर तपासणीच्या रांगेत माझा चेहरा म्हणजे कबुलीजबाब.

निवृत्त_वकील

शेवटचाबाक यांनी गमतीत सांगितलं ते या म्हणीचं खरं दुखणं आहे. म्हण पुराव्यासारखी वापरली जाते आणि तिथे ती धोकादायक ठरते. आरोपाला उत्तर दिलं तर 'बघा, खवखवलं'. गप्प बसलं तर 'तोंड नाही उघडायला'. दोन्हीकडून फाशी.

खोटं पकडणारं पॉलिग्राफ यंत्र याच समजुतीवर उभं आहे. श्वास, नाडी, रक्तदाब, तळहाताचा घाम मोजायचा आणि खाल्लं कुणी ते ठरवायचं. यंत्र अस्वस्थता मोजतं. ती अपराधाची की भीतीची, हे त्याला कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात पॉलिग्राफ, नार्को आणि मेंदूच्या लहरींची चाचणी कुणावरही त्याच्या संमतीशिवाय करता येणार नाही असं सांगितलं. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ नये हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मधला हक्क त्यामागे होता. म्हणजे घशाने साक्ष दिली तरी ती माझ्या मर्जीशिवाय काढून घेता येत नाही.

जुन्या धर्मशास्त्रात याच्या उलटं होतं. नऊ दिव्यं, म्हणजे दोषी कोण ते ठरवायच्या कसोट्या, सांगितली आहेत: तुला, अग्नी, उदक, विष, कोश, तंडुल, तप्तमाष, फाल आणि धर्म. त्यांतलं तंडुल दिव्य चोरीच्या संशयासाठी. संशयिताला तांदूळ चावून पानावर थुंकायला लावायचं. रक्त दिसलं, टाळू-हनुवटी सोलली किंवा अंग कापू लागलं तर तो दोषी. भीतीने तोंडाला कोरड पडते, कोरड्या तोंडाने तांदूळ चावले की हिरड्या सोलणारच. युक्ती हुशारीची होती, पण कोरड शेवटचाबाकांच्या तोंडालाही पडली असती.

कौलारू

वकीलसाहेब, मग म्हणीचं मूळ इथेच नसेल? चोराला खायला द्यायचं, ज्याला खवखवेल तो चोर! खाई त्याला खवखवे!

तळटीप

मोह पडावा अशीच जुळणी आहे, पण नाही बसत. दिव्यात संशयित सगळेच खातात आणि एकालाच त्रास होतो. म्हणीत खाणं हाच गुन्हा आहे, न खाणाऱ्याला काही होतच नाही. तांदळाने घसा सोलवटेल, खवखवणार नाही. वेलदोड्यांच्या सुरणाला मी तरी धक्का लावणार नाही.

मात्र कोरड पडण्याचा मुद्दा फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भाव, म्हणजे मुख्य भावाच्या साथीने येऊन-जाऊन असणारे भाव, सांगितले आहेत. त्यांत 'शंका' म्हणून एक आहे. आपण शंका म्हणजे प्रश्न समजतो, इथे तो अर्थ नाही. चोरी, राजाचा अपराध, पापकर्म अशा कारणांनी ती उत्पन्न होते असं भरत सांगतो, आणि नटाने ती कशी दाखवावी तर पुन्हा पुन्हा इकडेतिकडे बघावं, तोंड झाकावं, तोंड कोरडं पडावं, जिभेने ओठ चाटावेत, चेहऱ्याचा रंग उडावा, आवाज फुटू नये, कापरं भरावं. ही तुमची खवखव, टिपकागद. अगदी घशासकट.

त्याच यादीत 'व्रीडा' वेगळी आहे. न करण्यासारखं केलं, वडीलधाऱ्यांची आज्ञा मोडली, शब्द पाळला नाही, यातून ती येते. तिची लक्षणं: मान खाली, जमिनीवर रेघोट्या ओढणं, अंगठीशी चाळा, नखं कुरतडणं. हे ओशाळणं झालं. शंकेत डोळे भिरभिरतात, व्रीडेत ते खाली जातात. पकडलं जाण्याआधी आणि नंतर, तुमचाच क्रम.

टिपकागद

डोळे भिरभिरतात आणि डोळे खाली जातात! धागा वसूल.

पण मग एक पेच आहे. 'जनाची नाही तर निदान मनाची तरी' असं आपण म्हणतो, म्हणजे लाज दोन जागी असते हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. खवखव यांतली कुठली? मी आधी म्हटलं तसं, ती लोकांना कळेल या भीतीची आहे, म्हणजे जनाची. पण त्या क्षणी जन तर कुठेच नसतात. खोलीत एकटा असतानाही खवखवतं.

रानवारा

जनाची बिलकुल नाही. कधीच कुणाला कळणार नाही अशी खात्री असलेल्या गोष्टीही खवखवतात. मनाचीच ती.

निवृत्त_वकील

खात्री असती तर खवखवलं नसतं, रानवारा. न्यायालयात मी निर्धास्त अपराधी भरपूर पाहिलेत. पुरावा नाही हे कळल्यावर चेहरे असे खुलतात!

रानवारा

ते तुमच्या अशिलांचं झालं. सगळी दुनिया कोर्टात नसते.

तळटीप

हा वाद अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, आहे. 'मन्दाक्षं ह्रीस्त्रपा व्रीडा लज्जा साऽपत्रपाऽन्यतः'. लाजेचे पाच शब्द दिले आणि मग पुस्ती जोडली, की तीच लाज 'अन्यतः', म्हणजे दुसऱ्यांमुळे, असेल तर तिला अपत्रपा म्हणावं. जन आणि मन वेगळे केले की नाही?

बौद्ध परंपरेने याचा आणखी कीस काढला. पाली भाषेत 'हिरी' म्हणजे स्वतःकडे बघून वाटणारी लाज आणि 'ओत्तप्प' म्हणजे परिणामांचा, निंदेचा धाक. या दोघींना जगाचा सांभाळ करणाऱ्या म्हटलंय, कारण त्या वाईट घडण्याआधी अडवतात. तिसरं मात्र वेगळ्याच कप्प्यात टाकलंय: 'कुक्कुच्च', संस्कृत कौकृत्य. 'वाईट केलेलं' यावरूनच झालेला शब्द. वाईट केलं त्याची आणि चांगलं करायचं राहून गेलं त्याची, दोन्हींची तगमग त्यात येते. हे पाच नीवरणांत, म्हणजे ध्यानाच्या अडथळ्यांत, मोडतं. लाज कामाची, तगमग निकामी, असा सरळ निवाडा. खवखव मी कुक्कुच्चाच्या शेजारी ठेवेन. ती उशिरा येते आणि काहीच अडवत नाही, नुसती बसू देत नाही.

कौकृत्याचा दुसरा अर्धा, करायचं राहून गेलं तो, त्याला मराठीत खवखव कधीच म्हणत नाहीत. ती चुटपुट. आजारी माणसाला भेटायला जायचं राहिलं याची चुटपुट लागते. न खाल्लेल्याची खवखव नाही होत.

पाणवठा

जन की मन याचं उत्तर दुसऱ्या म्हणीत आहे की! 'चोराच्या मनात चांदणे'. चांदणं बाहेरची गोष्ट. चोराला काळोख हवा, चांदण्यात लोकांना दिसेल ही भीती. पण म्हण म्हणते ते चांदणं आभाळात नाही, याच्या मनात आहे. बाहेर अमावस्या असली तरी याला आपण उजेडात उभे आहोत असंच वाटणार. लोक मनातच राहायला आलेत, आता जनाची आणि मनाची अशी वाटणी करायची कुठून?

टिपकागद

पाणवठा, हे फार नेमकं आहे. रानवारा आणि वकीलसाहेब दोघांचंही त्यात भागतं.

रानवारा

माझं भागलं. वकीलसाहेबांचं त्यांना विचारा.

निवृत्त_वकील

हरकत नाही. तुकोबांनी तर मनालाच साक्षीदार करून टाकलं आहे, 'सत्य असत्यासी मन केले ग्वाही'. ग्वाही म्हणजे साक्ष, फारशीतल्या 'गवाह'वरून आलेला कचेरीतला शब्द. साक्षीदार आतच बसलेला असेल तर जनांची उठाठेव लागत नाही. मात्र तुकोबांनी तो साक्षीदार हिमतीसाठी बोलावला आहे, पुढच्याच चरणात 'मानियेले नाही बहुमता' म्हणून. मन ग्वाही असेल तर बहुमताला भीक घालायचं कारण नाही. खवखवणाऱ्याच्या आत साक्षीदार तोच असतो, उलटतपासणी वेगळी निघते.

कौलारू

फारशीचा विषय निघालाच आहे तर खजील आणि शरमिंदा?

तळटीप

शरमिंदा फारसी, 'शर्म'वरून. खजील मुळात अरबी, फारशीतून आपल्याकडे आला. मिंधा हा शरमिंद्याचाच पुढचा भाग, डोकं उडून उरलेला, अशी व्युत्पत्ती देतात. अर्थाचा प्रवास मोठा मजेशीर आहे. लाजलेला माणूस वर बघू शकत नाही, उपकाराखाली दबलेलाही वर बघू शकत नाही. म्हणून शरमिंदा लाजेत राहिला आणि मिंधा उपकारात गेला. 'मी कुणाचा मिंधा नाही' यात लाज औषधालाही उरलेली नाही, उलट ताठा आहे. ओशाळ्याचंही तसंच, 'कुणाचा ओशाळा नाही' म्हणतात तेव्हा कर्ज-उपकारच डोक्यात असतात.

अपराध शब्दाचं तर आणखी भलतंच. राध् म्हणजे साधणं, अपराध म्हणजे न साधणं, चुकणं. ज्याचा बाण लक्ष्यावरून सुटला त्या धनुर्धराला अमरकोश 'अपराद्धपृषत्क' म्हणतो. म्हणजे मुळात नेम चुकला, एवढंच. ग्रीकमध्ये पापाला 'हामार्तिया' म्हणतात, तोही नेम चुकणाऱ्यांचाच शब्द.

शुद्धलेखन_शिपाई

खजिल की खजील यावर दरवेळी वाद होतो म्हणून आत्ताच लिहून ठेवतो. अरबीत 'जि' ऱ्हस्व आहे. मराठीत अकारान्त शब्दाच्या उपान्त्य इकाराला दीर्घ करायचा नियम आहे, म्हणून खजील, जसं मुश्कील. तत्सम शब्दांना हा नियम लागत नाही.

शेवटचाबाक

माझ्या न खाल्लेल्या खवखवीचं कुणीच उत्तर दिलं नाही अजून. आणि ज्याला खाऊनही खवखवत नाही त्याचं काय? 'चोर तो चोर वर शिरजोर' हीसुद्धा मराठीच म्हण आहे.

वेलदोडा

शिरजोराचं सोपं आहे, त्याने सुरण नीट शिजवून खाल्लाय. चिंच घालून.

पाणवठा

कोडगा, निगरगट्ट, निर्ढावलेला, बेशरम, निलाजरा. न खवखवणाऱ्यांना मराठीने नावं किती दिलीत बघा. खवखवणाऱ्यांना त्या मानाने एकही धड नाव नाही! 'खवखव्या' असं कुणी म्हणत नाही.

रानवारा

पाणवठा, बरं आठवलं. स्वतःबद्दल तरी कुठे म्हणतो आपण? हातून काही घडलं की 'मनाला टोचतंय', 'कसंतरीच होतंय', 'चैन पडत नाहीये' असं म्हणू. 'मला खवखवतंय' म्हटलं तर समोरचा मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगेल. या अर्थाने खवखव नेहमी दुसऱ्यालाच होते. बघणाऱ्याने लावलेलं नाव आहे ते.

टिपकागद

अरे हो की. टोचणी ज्याची त्याला कळते आणि तोच ती सांगतो. खवखव मात्र कायम दुसऱ्याने ओळखायची. म्हणजे शेवटचाबाकांचं उत्तरही यातच आहे. त्यांना होते ती भीती, खवखव हे नाव तिला वर्ग देतो.

शेवटचाबाक

वर्गाने तर दिलंच होतं. पेन्सिल नंतर ज्याच्या दप्तरात सापडली तो मला बघून सगळ्यात मोठ्याने हसत होता, आणि त्याच्या घशाला काहीही झालेलं नव्हतं.